परातीच्या चाकांची गाडी

मीटरची केबल मी काढत होतो.

हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्याबरोबर नाटकं केली त्या दोस्तांजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. ते गेले. मी पन्नाशीला आलो. लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दल, माझ्याबद्दल नाही. पण हे वाक्य आधी कागदावर पडलं नाही तर पुढचं काहीच खरं उतरणार नाही, म्हणून ते पहिलं.

भंडाऱ्यात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि मी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर होतो. ऐंशी सालानंतरची ती दोन-चार वर्षं. गाडी म्हणजे पुढे जीपचं तोंड आणि मागे उघडा डाला, अशी पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप. डाल्यात धानाचं तणीस अंथरायचं, त्यात पाण्याचे गुंड, घागरी, पराती, लोटे रचायचे आणि आठवडी बाजार करत हिंडायचं. कधी लाखांदूर, कधी पार मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचं बपेरा. बाजारातल्या बाया त्यांना मालक म्हणत. मीही मालकच म्हणायचो.

गाडीत बसले की त्यांचा डावा हात खिडकीबाहेर. बोटं जुळवून तळवा आडवा धरायचे, मग हळूच उभा करायचे. हात मागे फेकला जायचा. पुन्हा आडवा. साठीचा माणूस, धोतर-टोपी, आणि लहान पोरासारखा हा खेळ बाजार येईपर्यंत चालायचा.

"पायलं का बापू? आडवा हात हवेले जाऊ देते. उभा हात अडवते. आपली गाडी म्हणजे उभा हात होय."

"हो जी."

"हो जी, हो जी काय? समजलं का?"

"नाई जी."

यावर ते खूश व्हायचे, कारण मग पुन्हा सांगता यायचं. "हवा म्हणजे पाव्हणा. वाट देल्ली तं निघून जाते. अडवला तं मुक्काम करते, आन् मुक्कामाचा खर्च आपल्या पेट्रोलातून."

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मी विचारलं होतं. म्हणाले, खळ्यावर धान उपणताना. वाऱ्यापुढे सुपातून धान सोडलं की दाणा पायाशी पडतो आणि कोंडा दूर जातो. पण उपणणारा माणूस उभा असतो ना, त्याच्या पाठीमागे थोडा कोंडा गोल गोल फिरत बसतो, जात नाही. सगळा जन्म तो कोंडा लोकांनी पाहिला आणि झाडून टाकला. मालक त्याच्याकडे पाहत राहिले.

दुकानात सकाळी उदबत्ती लागली की ती देवापुढे पोचायला वेळ लागायचा. आधी टेबलफॅन सुरू व्हायचा. त्याच्यासमोर स्टुलावर एक लोटा. मालक उदबत्ती लोट्याच्या पुढे धरून वाकून पाहायचे. धूर लोट्याला वळसा घालायचा आणि मागे जाऊन गुंतायचा. मग लोटा काढून घागर. मग पालथी परात. मग त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दिलेलं वांगं, आडवं ठेवून. वांग्याचं देठ पंख्याकडे असावं की पाठीकडे यावर एक अख्खी सकाळ गेली होती.

"बाबा, ते देवाची उदबत्ती हाय," मुलगा म्हणायचा. गल्ला तोच सांभाळायचा.

"मंग देवालेही समजू दे ना."

काकू आतून ओरडायच्या, "वांगं वापस करा. भाजीत टाकाचं हाय."

एकदा त्यांनी गाडीला दोरे चिकटवले. वीत वीत लांबीचे लाल लोकरीचे दोरे, कणकेच्या खळीने, टपावर, दारांवर, बॉनेटवर, मागच्या फळक्यावर. मी गाडी चालवायची आणि त्यांनी शेजारच्या दुकानदाराच्या स्कूटरवर मागे बसून बाजूबाजूने यायचं. जिथे दोरा सरळ मागे झोपतो तिथे हवा सुखात आहे, आणि जिथे दोरा पिसाटल्यासारखा नाचतो तिथे तिला आपण त्रास देतोय, असा तो हिशेब. डाल्याच्या मागचे दोरे तर उलटे पुढे येत होते. मालक स्कूटरवरून ओरडत होते, "पाय, पाय, मांगून पुढं येऊन राहिले!" स्कूटरवाला घाबरून ओरडत होता, "मालक, नीट बसा जी, मले बायको-लेकरं हायेत!"

तशीच गाडी आम्ही लाखांदूरच्या बाजारात नेली. एका म्हाताऱ्याने जवळ येऊन विचारलं, "गाडीले केस काऊन आले जी?"

"थंडी वाजते तिले," मालक म्हणाले.

तोवर कोणी तरी बाईने हा नवसाचा प्रकार समजून बॉनेटला हळद-कुंकू लावलं होतं. मग दुसरीने लावलं. मालकांनी कोणालाच थांबवलं नाही. येताना मला म्हणाले, "लावू दे. हवेलेच पुजून राहिल्या त्या, त्यायले मालूम नाई एवढंच."

दोऱ्यांनी सांगितलं ते त्यांनी करायला घेतलं. बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून आणले आणि डाल्यावर उतरती पाठ केली, टपापासून मागे निमुळती होत गेलेली, पाण्यातल्या मासोळीसारखी. पुढे बंपरखाली तट्ट्याचीच गोल हनुवटी. पोटाखाली तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून सपाट केलं. एक पत्रा बपेऱ्याच्या वाटेवर सुटून असा काही घासत आला की तीन गावांची कुत्री आमच्या मागे लागली. आणि चाकांवर, बाहेरच्या बाजूने, पराती. दुकानातल्याच, पितळी, मधोमध भोक पाडून बोल्ट आवळलेल्या. ऊन पडलं की चारी चाकं अशी झळकायची की समोरचा बैलगाडीवाला बैलांना आवरायला उतरायचा.

बपेऱ्याला एक बाई त्यातली एक परात घेतल्याशिवाय हलेना. "दुकानातल्या पातळ हायेत. ते चाकाची जाड दिसते."

"ते चाकाची होय माय."

"मंग काय झालं? मी धुऊन घेईन."

मालकांना बाजारात आलेल्या बाईला नाही म्हणता येत नसे. मी बोल्ट काढला. तिने परात उचलली, उन्हात धरली आणि भोकातून आमच्याकडे पाहिलं. "याले तं भोक हाय जी!"

"मी काय म्हणून राहिलो मंग?"

तिने तरी घेतली. मागाहून कासाराकडून भोक बुजवून घेते म्हणाली. आम्ही तीन पराती आणि एक उघडं चाक घेऊन परतलो. वाटभर मालक डावीकडे कान देऊन बसले होते. "ऐकतं का? त्या चाकाशी हवा रडून राहिली."

बाजारात त्यांना पाहायला हवं होतं. बाई फुटकी घागर मोडीत द्यायला आली की ते घागर हातात फिरवून सांगायचे, "हे तुह्या सासूनं माह्या बापाकडून घेतली होती. तिच्या बुडाशी ठोक्याचा दाग हाय पाय." बाई तोंडाला पदर लावायची. मोड घ्यायची, वजन करायचं, नवी घागर द्यायची, यात दोन घरांची चौकशी आणि एका लग्नाची बोलणी व्हायची. मला म्हणायचे, "दुकानात गिऱ्हाईक येते बापू. बाजारात माणसं येते."

पण पेट्रोल महागलं होतं. आणि गावोगाव स्टीलची भांडी पोचली होती. मुलगा वाईट नव्हता. गल्ल्यावर बसणाऱ्याला जे दिसतं ते त्याला दिसत होतं. पोळ्याच्या तोंडावर तो एकदा सरळ बोलला.

"बाबा, बाजाराची कमाई गाडी पिऊन टाकते. गाडी विकू, बाजार बंद करू. तुमी आता दुकानात बसा."

"गाडी पेत नाई. हवा पेते. मी तिची वाट मोकळी करून राहिलो."

"मंग करून दाखवा. लिटरमांगं एक किलोमीटर जरी वाढला, तरी दिवाळीनंतर मी बाजार बंद कराचं नाव काढत नाई. नाई वाढला तं गाडी गेली."

"मंजूर," मालक म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून हसले. जणू मीही त्या पैजेत त्यांच्या बाजूने होतो.

दर सोमवारी एकाच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची. मागच्या सोमवारपासून मीटर किती पुढे गेलं ते पाहायचं, पेट्रोल किती मावलं त्याने भागायचं, आणि आलेला आकडा दुकानाच्या दाराच्या फळीवर खडूने लिहायचा. पहिल्या आठवड्याचा आकडा तट्टे-पराती उतरवून घेतला होता, पुढचे सगळे त्याच्याशी ताडायचे. एवढी साधी परीक्षा होती. तिच्यात खोट येण्याची एकच जागा होती, आणि ती जागा म्हणजे मी.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, दंडारीचा नाच, आणि रात्री नाटक. माझ्या गावच्या नाटकात त्या वर्षी मला नायकाच्या थोरल्या भावाचं काम मिळालं होतं. पहिलंच मोठं काम. तालमी पोळा झाल्यावर सुरू झाल्या. मी भंडाऱ्याला दुकानाच्या गोदामाशेजारी खोलीत राहायचो आणि गाडी तिथेच उभी असायची. गावाला जाणारी शेवटची एसटी आम्ही बाजारातून परतायच्या आत निघून गेलेली असायची, म्हणून मी गाडीच न्यायचो. गाडीच्या मीटरमागे हात घातला की एक चकती लागते. ती फिरवली की केबल सुटते आणि मीटर जागच्या जागी थांबतं. गाडी कुठेही न्या, मीटरच्या लेखी ती उभीच असते. त्या काळी कितीतरी ड्रायव्हर हे करत. मालकाची गाडी थोडी आपल्याही कामाला, यात आम्हाला चोरी वाटत नसे. मी आठवड्यातून दोन-तीनदा जायचो. जाताना वाटेवरच्या गावातून पेटीमास्तरांना आणि त्यांच्या पेटीलाही उचलायचो.

सुरुवातीला खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. मालक सोमवारी फळीवर आकडा लिहायचे, मागच्या आकड्याकडे पाहायचे, टोपी काढून डोकं खाजवायचे. वाढ नाही. मला वाटायचं, बिचाऱ्यांचं वेड आहे, वेडाने का गाडी कमी पिते?

मग पेटीमास्तरांच्या घरी सुतक आलं आणि तालमी थांबल्या. पुढच्या सोमवारी मालक पंपावरच ओरडले. त्याच्या पुढच्या सोमवारीही. आकडा चढला होता, चांगला चढला होता. त्यांनी पंपावरच्या माणसाला मिठी मारली. दुकानात जाऊन काकूंना हाक मारली, "वांगं जिंकलं वो!" त्या दिवशी काकूंनी सांजा केला आणि मलाही वाटीभर दिला. तो खाताना मी हप्ते मोजले. तालमी नव्हत्या तेच हे दोन. मला तेव्हा समजलं.

तालमी पुन्हा सुरू झाल्या. मी पुन्हा केबल काढली. इथून पुढे मला काहीच बहाणा नाही, म्हणून सरळ लिहितो. मी समजून उमजून काढली.

आकडा पुन्हा खाली आला. मालकांनी दोन दिवस गाडीला फेऱ्या घातल्या. मग एका सकाळी गाडीजवळ आले, बोट जिभेवर ओलं करून वर धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बापू, सापडलं! ते दोन हप्ते हवा पश्चिमेची होती. आता पुरवाई सुटली. पुरवाई आपली वैरी हाय."

मुलाने मात्र वेगळा विचार केला होता. माझ्यादेखतच म्हणाला, "बाबा, टाकीतून कोनी पेट्रोल तं काढत नाई?"

मालक इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "माह्या ड्रायव्हरवर शक घेतं? पुढच्या बाजारी तूच चालव मंग गाडी. चालव!" मुलगा ओशाळला. मला म्हणाला, "तुमाले नाई म्हटलं गा." मी म्हटलं, "असू द्या जी." एवढंच म्हटलं.

आणि मालकांनी पुरवाईवर उपाय काढला. तट्ट्याची हनुवटी सोडवली आणि पुन्हा बांधली, एका बाजूला झुकलेली, तिरपी, म्हणजे पूर्वेची हवा घसरून जाईल. तासन्‌तास उकिडवे बसून त्यांनी ती बांधली. मी दोरी ओढून धरत होतो. गाडीचं तोंड वाकडं झालं. बाजारात पोरं मागे धावू लागली. लाखांदूरला एक जण हसत हसत म्हणाला, "गाडीले लकवा मारला का जी?" मालकही हसले, पण त्या दिवशी येताना त्यांनी हात खिडकीबाहेर काढला नाही.

ते वाकडं तोंड मी केलं होतं. माझ्या चोरीला कारण शोधता शोधता त्यांनी एका शहाण्या गाडीला वेडी करून टाकलं.

दिवाळीआधीच्या सोमवारी पंपावर आम्ही तिघेही गेलो. टाकी भरली. मुलाने मीटर वाचलं, भागाकार त्यानेच केला, आणि कागद वडिलांच्या हातात दिला. जिथून सुरुवात झाली होती तोच आकडा.

"बाबा, राहू द्या. तुमी हारले असं मी म्हणत नाई."

"हारलोच ना गड्या. हवेशी हारलो. तुह्याशी नाई," मालक म्हणाले.

दुकानासमोर गाडी उभी करून त्यांनी पराती स्वतः काढल्या. एकेक बोल्ट काढून माझ्या हातात देत होते. तोंड उघडायला मला तेवढा वेळ होता. मंडई तोंडावर आली होती. चोर ड्रायव्हर म्हणून नाव झालं असतं तर भंडाऱ्यात मला कोणी सायकलही चालवायला दिली नसती. आणि मनाशी हेही म्हटलं की एवढं काय, म्हातारा माणूस आता सावलीत बसेल. बोल्ट मोजून डब्यात टाकले.

त्या संध्याकाळी मी माझे चोरून केलेले सगळे फेरे त्यांच्या हिशेबात मिळवून पाहिले. लिटरमागे एक किलोमीटर वाढला होता. वर थोडा उरतही होता.

गाडी दिवाळीनंतर गेली. मला कामावरून कोणी काढलं नाही. दुकानात ठेवून घेतलं.

मंडईच्या दिवशी दुपारी मी गावात रंगमंच बांधायला लागलो होतो, तर समोरून मालक आणि काकू. एसटीने आले होते. माझं नाटक आहे म्हणून. हातात कोरा पितळी लोटा, "इनाम म्हणून चारचौघांत देईन," म्हणाले. मागचा मोठा रंगवलेला पडदा वाऱ्याने फुगून बांबू वाकवत होता, आम्ही पाच-सहा जण त्याला लोंबकळत होतो. मालकांनी तो क्षणभर पाहिला. "भोकं पाडा त्याले. जागजागी, चंद्रकोरीवानी. हवेले जाऊ द्या." पेंटर भांडायला उठला. मालकांनी त्याला समजावून सांगितलं. चंद्रकोरी पाडल्या, आणि पडदा शांत झाला. महिनाभरानंतर त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू पाहिलं.

मग सहज विचारलं, "तालमीले येत होता ना रोज इतल्या दूर? कसा येत होता?"

"सायकलनं जी."

हे मी बोललो. तोवर मी फक्त गप्प होतो. खोटं बोललो ते इथे, त्यांच्या डोळ्यांत पाहून.

"सायकलनं? पुरवाईत?" त्यांनी काकूंकडे वळून पाहिलं. "अवं, दिवसभर गाडी, मंग इतली सायकल. पोट्ट्याच्या पायाचं काय झालं असन." काकूंनी पुढच्या आठवड्यात तिळाच्या तेलाची बाटली पाठवली, पायाला लावायला.

त्यांना कळलं होतं का, असा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. मला वाटतं, नाही. त्या माणसाच्या मनात माणसाबद्दल संशय यायला जागाच नव्हती. सगळा संशय त्यांनी वाऱ्यावर घेतला होता.

पुढे मी एसटीत लागलो. लाखांदूरच्या फेरीला बाजाराच्या दिवशी बाया गाडीत चढताना विचारत, "मालक काऊन येत नाई जी आता?" मी म्हणायचो, तब्येत. भंडाऱ्याला दुकानात गेलो की ते फळीवर बसलेले दिसायचे. पंख्याचं तोंड गिऱ्हाइकांकडे होतं आणि उदबत्ती देवापुढे सरळ जळत होती. मला पाहून हात वर करायचे. "ये बापू. एसटी लिटरमांगं किती देते?" मी सांगायचो. ते ऐकून घेत. काही वर्षांनी ते गेले. तेरवीला मी पंगत वाढली.

मुलगा आहे. आता त्याचेही केस पिकले आहेत. वडिलांवर त्याचा जीव होता, म्हणूनच की काय, कुठेही लग्नाकार्यात बसला की तो वडिलांची ती गोष्ट सांगतो. वांगं, दोरे, पराती, लकवा मारलेलं तोंड. लोक पोट धरून हसतात. शेवटी म्हणतो, "एवढं करून आमच्या बाबानं एक थेंब पेट्रोल नाई वाचवलं! इचारा यायले, हे चालवत होते." आणि माझ्याकडे बोट करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या नातलगाच्या लग्नातही केलं. सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली आणि त्यांच्यात हसलो.

त्या मुलाला जाऊन मला सांगायचं आहे की त्याच्या वडिलांची गाडी लिटरमागे एक किलोमीटर जास्त जात होती, आणि पैज ते जिंकले होते. जास्तीचं पेट्रोल मी जाळलं. हे सांगणं मी त्याचं देणं लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.